कुठलं मशीन चांगलं, हा पाचवा प्रश्न आहे: कमी ऐकू येणाऱ्यांसाठी पुण्यातला क्रमवार मार्ग

मी गेली १४ वर्षं दोन्ही कानांत मशीन घालतो, त्यामुळे नात्यात, सोसायटीत, बायकोच्या ऑफिसात कुणालाही कमी ऐकू यायला लागलं की फोन मला येतो (फोन! किती वेळा सांगितलं की बाबांनो मेसेज करा) आणि प्रश्न ठरलेला, "कुठलं मशीन चांगलं रे?" हा प्रश्न पाचवा आहे. पहिले चार सोडून लोक थेट पाचव्यावर उडी मारतात आणि मग पैसे जातात, मशीन पडून राहतं, आणि घरातलं माणूस "मला काही फरक पडत नाही त्याने" म्हणून कायमचं गप्प होतं.

आमच्या कोथरूडच्या काकूने एका दुकानाच्या "फ्री चेकअप"मधून दोन मशीनं घेतली, ४८ हजारांची जोडी. त्या जोडीचा मुक्काम आत्ता सुक्यामेव्याच्या रिकाम्या डब्यात आहे, सेफ्टीपिना आणि काकांचा जुना चष्मा यांच्या सोबतीला. दोन्ही कानांत मळ होता. कुणी आत बघितलंच नव्हतं.

म्हणून हा क्रम लिहून ठेवतोय. लांबलचक आहे, पण क्रम मोडू नका.

थांबा, आधी हे वाचा: एका कानाचं ऐकणं अचानक गेलं असेल, म्हणजे काल होतं आणि आज सकाळी उठल्यावर नाही, तर हा लेख बंद करा आणि आजच्या आज कान-नाक-घसा डॉक्टरकडे जा. यावर वेळेत सुरू केलेल्या स्टिरॉइडचा उपयोग होतो आणि उशीर झाला तर होत नाही. "सर्दीने कान बसला असेल, सोमवारी बघू" यात लोकांनी कान घालवलेत.

## टप्पा १: फाईल बनवा

कंटाळवाणं वाटेल पण इथेच सगळं अडतं. एक प्लास्टिकची फाईल घ्या. त्यात आधार (मूळ आणि झेरॉक्स), पत्त्याचा पुरावा, पासपोर्ट साइज फोटो सहा-आठ, उत्पन्नाचा दाखला काढता येत असेल तर तो, आणि कानाचे आजवरचे जेवढे कागद असतील तेवढे, अगदी वीस वर्षांपूर्वीचा पिवळा पडलेला रिपोर्टसुद्धा. जुना रिपोर्ट फेकू नका, ऐकणं किती वर्षांत किती उतरलं ते डॉक्टरला त्यातूनच कळतं.

एक कोरा कागद वेगळा ठेवा आणि त्यावर तीन गोष्टी लिहा: कधीपासून कमी ऐकू येतंय, कुठे जास्त अडतं (टीव्ही, फोन, चारचौघांत, नातवंडांचं बोलणं), आणि आत्तापर्यंत कुठली मोठी औषधं झालीत. हे शेवटचं लोक सांगतच नाहीत. टीबीसाठी दिलेली स्ट्रेप्टोमायसिन, अमिकासिन अशी इंजेक्शनं कानाच्या नसेला त्रास देऊ शकतात, त्यामुळे "पंधरा वर्षांपूर्वीच्या टीबीचा आणि कानाचा काय संबंध" असं स्वतःच ठरवू नका, सांगा.

आणि हा कागद ज्याचं ऐकणं कमी झालंय त्याच्यासोबत बसून लिहा. मुलगा एकटाच लिहितो "बाबा टीव्ही फार मोठा लावतात" आणि बाबांची खरी अडचण असते की बँकेत काचेपलीकडचा माणूस काय बोलतो ते कळत नाही. दोन्ही वेगळे प्रॉब्लेम आहेत.

तपासा: आधारवरचं नाव आणि बाकी कागदांवरचं नाव अक्षर न् अक्षर सारखं आहे का? बायकांच्या बाबतीत आधार माहेरच्या नावाने, रेशन कार्ड सासरच्या नावाने, हे इतकं कॉमन आहे की आधी तेच बघा. नाव दुरुस्त करायचं असेल तर आत्ता करा, टप्पा ४ ला आलात की मग रडत बसाल.

## टप्पा २: कान-नाक-घसा डॉक्टर, मशीनवाला नाही

मशीनचं दुकान हा डॉक्टर नाही. तिथला माणूस चांगला असेल, पण त्याचं काम मशीन विकणं आहे. आधी डॉक्टरने कानात बघायला पाहिजे: मळ आहे का, पडद्याला भोक आहे का, पडद्यामागे पाणी साठलंय का, कान वाहतो का. यातलं बरंचसं औषधाने किंवा ऑपरेशनने सुधारतं, आणि सुधारणाऱ्या गोष्टीवर मशीन चढवणं म्हणजे गळक्या नळाखाली बादली बदलत बसणं.

डॉक्टरला थेट विचारा: "ऐकणं कमी झालंय ते मधल्या कानामुळे की नसेमुळे?" या एका उत्तरावर पुढचं सगळं ठरतं. आणि एकाच कानाचं ऐकणं कमी असेल किंवा एकाच कानात सारखा आवाज येत असेल तर ते वेगळं सांगा, त्याची तपासणी वेगळी असते, कधी एमआरआयही सांगतात.

करू नका: लसूण घालून कडकवलेलं तेल कानात घालू नका. माहितीय, आजी घालायची. पडद्याला भोक असेल तर ते तेल सरळ आत जातं. इअरबड्सने मळ निघत नाही, आत ठासला जातो. हेअरपिन, स्कूटरची किल्ली (हो, पाहिलंय) यांच्याबद्दल बोलायलाच नको.

## टप्पा ३: ऑडिओमेट्री, आणि तो कागद स्वतः वाचा

मळ काढून झाला, डॉक्टरने बघितलं, की ऐकण्याची मोजणी. ससूनला होते, महापालिकेच्या मोठ्या हॉस्पिटलांत होते, धनकवडीला भारती विद्यापीठाचं ऑडिओलॉजीचं कॉलेज आहे तिथे होते, प्रायव्हेट तर गल्लोगल्ली आहेत. कुठेही करा, पण ऑडिओलॉजिस्टचा (ऐकणं मोजणाऱ्या तज्ज्ञाचा) आरसीआय नंबर विचारा. रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाकडे नोंदणी असल्याशिवाय हे काम करता येत नाही. विचारायला लाजू नका, रिपोर्टवर सहीखाली तो नंबर असायला हवा.

टेस्ट साऊंडप्रूफ खोलीत होते. हेडफोन घालतात, बारीक बारीक पीं, टूं असे आवाज येतात, ऐकू आला की बटण दाबायचं. मग कानामागच्या हाडावर एक छोटी डबी लावून परत तेच. ही हाडावरची टेस्ट झाली नाही तर रिपोर्ट अर्धवट आहे, कारण मधला कान की नस हे त्यावरूनच कळतं. शिवाय शब्द ऐकवून परत म्हणायला लावतात ती टेस्ट मराठी शब्दांत करा म्हणून सांगा. आईला इंग्रजी शब्द ऐकवून "हिला कळत नाही" असं लिहून आणलेला रिपोर्ट मी बघितलाय.

लोक इथे हमखास करतात त्या चुका:

एक, आवाजातून उठून टेस्टला येणं. ढोलताशाच्या प्रॅक्टिसहून, लग्नाच्या डीजेतून, कारखान्याच्या नाइट शिफ्टमधून आलात तर कान तात्पुरते बधिर असतात आणि आकडे वाईट येतात. आदली रात्र शांत जाऊ द्या. गणपतीच्या दहा दिवसांत तर टेस्ट ठेवूच नका, निदान पेठेत राहणाऱ्यांनी तरी.

दोन, अंदाजाने बटण दाबणं. म्हातारी माणसं परीक्षा दिल्यासारखी "पास" व्हायला बघतात. त्यांना आधी सांगा की इथे नापास होण्यात काही गैर नाही.

तीन, सर्टिफिकेट मिळावं म्हणून मुद्दाम न दाबणं. बेरा नावाची टेस्ट असते, डोक्याला इलेक्ट्रोड लावून मेंदूपर्यंत आवाज पोचतो का ते मशीनच बघतं, त्यात पेशंटने काहीच दाबायचं नसतं. शंका आली की ती करतात. पकडले जाल.

आता कागद. त्यावर आलेख असतो, डावीकडून उजवीकडे जाडा ते बारीक आवाज, वरून खाली हळू ते मोठा. लाल गोल म्हणजे उजवा कान, निळी फुली म्हणजे डावा. खुणा जितक्या खाली तितकं ऐकणं कमी. ५००, १०००, २००० आणि ४००० हर्ट्झवरचे चार आकडे घ्या, बेरीज करून चारने भागा, ही तुमची सरासरी. समजा ४०, ५०, ६०, ७० आले तर सरासरी ५५ डेसिबल.

बहुतेक म्हाताऱ्यांची रेघ डावीकडे वर असते आणि उजवीकडे घसरगुंडीसारखी खाली येते. म्हणजे जाडा आवाज ठीक, बारीक गेलेला. स, श, फ, थ ही अक्षरं बारीक आवाजातली, ती गळतात. मग "सात वाजता ये" मधला सात की आठ की हात हे कळत नाही, पण दार आपटल्याचं मात्र बरोबर कळतं. घरचे म्हणतात "बरं सोयीचं ऐकू येतं हो!" सोयीचं नाही, तेवढंच येतं. हा आलेख घरातल्या सगळ्यांना एकदा दाखवा, निम्मी भांडणं मिटतील.

बाळ असेल तर: नियम १-३-६. एक महिन्याच्या आत पहिली चाचणी (ओएई, दोन मिनिटांची), तीन महिन्यांच्या आत पक्कं निदान, सहा महिन्यांच्या आत मशीन आणि थेरपी सुरू. "मुलगा आहे, उशिरा बोलतो, त्याचे बाबापण उशिरा बोलले" हे ऐकून वर्ष घालवू नका. बेरा झोपेत होते, त्यामुळे बाळाला आदल्या रात्री उशिरापर्यंत जागं ठेवा, गाडीत झोपू देऊ नका आणि टेस्टच्या वेळी दूध पाजा. अप्पा बळवंत चौकातल्या ट्रॅफिकमध्ये झोपून टेस्टच्या वेळी टक्क जागं झालेलं बाळ म्हणजे अख्खा दिवस फुकट. झोपेचं औषध दिलं तर पाजण्याचे नियम वेगळे असतात, ते आधी विचारा. मुलाशी खुणा करू नका, आळशी होईल, बोलणार नाही, असं कुणी सांगितलं तर माझ्या मते ऐकू नका. मूल ज्या वाटेने भाषेत शिरेल ती वाट उघडी ठेवा, मशीनही आणि साइन लँग्वेजही.

## टप्पा ४: यूडीआयडी, मशीन घ्यायच्या आधी

यूडीआयडी म्हणजे सरकारी दिव्यांग ओळखपत्र. हे आधी का? कारण याला वेळ लागतो आणि सरकारी मशीन हवं असेल तर हे बहुतेक वेळा लागतंच. अर्ज टाकून ठेवा, तोवर पुढचं चालू द्या.

आधी बसतंय का ते बघा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दोन्ही कानांत ७० डेसिबल किंवा जास्त म्हणजे बधिर, ६० ते ७० म्हणजे श्रवणदोष. बहुतेक सवलतींना ४० टक्के दिव्यांगत्व लागतं. टक्के काढताना चांगल्या कानाला पाचपट वजन असतं: चांगल्या कानाचे टक्के गुणिले पाच, त्यात वाईट कानाचे टक्के मिळवायचे आणि सहाने भागायचं. म्हणजे एक कान ठार गेला (१००) आणि दुसरा ठणठणीत (०), तर उत्तर १७ च्या आसपास. लोक इथे चिडतात, "एक कान पूर्ण गेलाय तरी सतरा?" हो. आणि वरच्या उदाहरणातल्या ५५ डेसिबलवाल्याला रोज त्रास होतो, मशीनही लागतं, तरी कायद्याच्या व्याख्येत तो बसत नाही. मला हे पटत नाही, पण डॉक्टरशी भांडून उपयोग नाही, नियम त्यांनी केलेला नाही.

२०२१ च्या जूनपासून सगळं ऑनलाइन आहे, स्वावलंबन कार्ड पोर्टलवर. क्रम असा:

१. मोबाइल नंबर कुटुंबातल्या अशा माणसाचा द्या जो मेसेज वाचतो. सायबर कॅफेवाल्याचा नंबर टाकून आलेले लोक मी पाहिलेत, मग ओटीपी त्याच्याकडे आणि तुम्ही त्याच्या दारात.

२. नाव मराठीत आणि इंग्रजीत, दोन्ही आधारप्रमाणे. पोर्टल आपोआप मराठी करतं तेव्हा "देशपांडे"चं काहीही होऊ शकतं, सबमिटच्या आधी वाचा.

३. प्रकार निवडताना श्रवणदोष निवडा. वाचा आणि भाषा हा प्रकार वेगळा आहे. दोन्ही असतील तर दोन्ही, पण चुकून फक्त दुसरा टिचकला की कानाऐवजी भलत्याच तपासणीला पाठवतील.

४. हॉस्पिटल निवडा. पुण्यात ससून, औंधचं जिल्हा रुग्णालय, पिंपरी-चिंचवडकरांना वायसीएम. यादीत जे दिसेल त्यातलं जायला सोपं ते घ्या.

५. अर्जाचा नंबर येतो, त्याचा फोटो काढून व्हॉट्सअॅपवर स्वतःलाच पाठवून ठेवा.

मग हॉस्पिटलात मेडिकल बोर्डाच्या तपासणीचा दिवस. कानाच्या तपासणीचे वार ठरलेले असतात आणि बदलतात, आदल्या दिवशी कुणाला तरी विचारायला पाठवा. बाहेरचा रिपोर्ट असला तरी ते त्यांची टेस्ट परत करतात, बेरासाठी वेगळी तारीखही देतात. एका फेरीत होईल अशी आशा ठेवू नका. मशीन वापरत असाल तर घालून जा, टेस्टच्या वेळी ते काढायला लावतील, तेव्हा डबी सोबत हवी.

आणि आता जे मला कुणीच सांगितलं नव्हतं ते. माझ्या वेळी एका सरकारी दवाखान्यात, कानाच्याच ओपीडीबाहेर, नंबर तोंडाने पुकारत होते. दाराच्या आत उभं राहून, मान खाली, रजिस्टरमध्ये बघत. बाहेर बाकावर आम्ही तीस-चाळीस जण, सगळे कमी ऐकणारे, सगळे त्या दाराकडे टक लावून. माझा नंबर कधी गेला मला कळलंच नाही, पावणेदोनला खिडकी बंद झाली तेव्हा कळलं. शेजारच्या आजींचाही गेला होता, त्या शांतपणे डबा उघडून पोळीभाजी खायला लागल्या, म्हणाल्या "मी तिसऱ्यांदा आलेय बाळा, तू पण खा."

त्यामुळे: ऐकणारं एक माणूस सोबत न्या. नसेल तर कागदावर मोठ्या अक्षरात लिहा, "मला ऐकू येत नाही. माझा नंबर ३४. आला की हाताने खूण करा." तो कागद आधी शिपायाच्या हातात, मग नर्सच्या टेबलावर, आणि तुम्ही दारासमोरच्या बाकावर, जिथून तोंड दिसतं तिथे. दर अर्ध्या तासाने जाऊन बोटाने विचारा कितवा चालू आहे.

तपासा, खिडकी सोडण्याआधी: सर्टिफिकेटवर कायमस्वरूपी लिहिलंय की तात्पुरतं? तात्पुरतं असेल तर संपायची तारीख फोनमध्ये सहा महिने आधीच्या रिमाइंडरसह टाका. कार्ड ४० च्या खाली पांढरं, ४० ते ८० पिवळं, ८० आणि वर निळं. प्लास्टिकचं कार्ड पोस्टाने यायला वेळ लागतो, पोर्टलवरून ई-कार्ड उतरवून घ्या. टक्केवारी मान्य नसेल तर अपील करता येतं. राज्याचं दिव्यांग कल्याण आयुक्तालय आपल्या पुण्यातच, कॅम्पात चर्च रोडला आहे, लेखी तक्रार तिथे देता येते आणि पोच घ्यायची.

## टप्पा ५: आता मशीन

तर पाचवा प्रश्न. मशीन पंधरा-वीस हजारांपासून ते दोन लाखांच्या पुढेही मिळतं, तेही एका कानाचं. महाग म्हणजे चांगलं असं नाही, जास्त गर्दीत वावरणाऱ्याला वरचं मॉडेल उपयोगी पडतं, दिवसभर घरात दोन माणसांत असणाऱ्या आजीला मधलं पुरतं. पैसा मॉडेलपेक्षा सेटिंगवर आणि ऑडिओलॉजिस्टच्या वेळेवर खर्च झाला पाहिजे.

फुकट किंवा स्वस्तात हवं असेल तर केंद्राची एडिप योजना आहे: ४० टक्क्यांचं सर्टिफिकेट, महिन्याचं उत्पन्न २२,५०० पर्यंत असेल तर पूर्ण मोफत, ३०,००० पर्यंत असेल तर निम्म्यात. मागच्या तीन वर्षांत त्याच कारणासाठी मदत घेतलेली नसावी (१२ वर्षांखालच्या मुलांना ही अट एका वर्षाची). मशीनं शिबिरांतून मिळतात, किंवा मुंबईला वांद्र्याच्या अली यावर जंग या कर्णबधिरांसाठीच्या सरकारी संस्थेतून. ६० च्या वरच्यांसाठी राष्ट्रीय वयोश्री योजनेतही कानाचं मशीन आहे. राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ३,००० रुपये एकदाच मिळतात, त्यात मशीन येत नाही, सेल येतात.

शिबिरात मिळालेलं मशीन सेट करून घेतल्याशिवाय घरी आणू नका. मशीन हातात देऊन फोटो काढतात आणि संपलं, असं झालं तर तो आलेख घेऊन कुठल्याही ऑडिओलॉजिस्टकडे जा, फी द्या आणि सेट करून घ्या.

विकत घेणार असाल तर दुकानात हे विचारा, आणि उत्तरं बिलावर लिहून घ्या:

- ट्रायल किती दिवस आणि परत केलं तर किती पैसे कापणार? दुकानातल्या खुर्चीत बसून केलेली ट्रायल ही ट्रायल नाही. मंडईत जा, पीएमपीत बसा, कुकर लावून टीव्ही बघा.
- सेटिंग कुणीही करू शकतो की तुमच्याच साखळीत लॉक आहे? लॉक असेल तर ते दुकान बंद झाल्यावर मशीन खेळणं होतं.
- कानात बारीक नळी घालून आवाज मोजता का, म्हणजे रिअल इअर मेजरमेंट? होय म्हणणारे कमी आहेत, म्हणाले तर तिथेच घ्या.
- बिघडलं तर दुरुस्त होईपर्यंत तात्पुरतं मशीन देणार का?

दोन्ही कान कमी असतील तर दोन्हीला घ्या. एकच घेऊन "दुसरं पुढच्या वर्षी" केलं की आवाज कुठून येतो ते कळत नाही, आणि कर्वे रोड ओलांडताना ते कळायला पाहिजे.

दिसू नये म्हणून अगदी आत जाणारं छोटं मशीन मागणारे खूप. बोटं थरथरत असतील, शुगरमुळे बोटांना कळत नसेल, तर ते छोटं मशीन आणि त्याचा तांदळाएवढा सेल रोज कोण बसवणार? मागे बसणारं घ्या.

## टप्पा ६: पहिले दीड-दोन महिने

मशीनं डब्यात जातात ती या काळात. पहिल्या दिवशी पंख्याचा, फ्रिजचा, स्वतःच्याच चावण्याचा आवाज येतो आणि माणूस वैतागतो. पहिला आठवडा घरात, शांत वेळी, दोन-तीन तास. मग टीव्ही. मग दोघा-तिघांत गप्पा. लग्नकार्य सगळ्यात शेवटी. लोक काय करतात, मुलाच्या साखरपुड्याच्या आदल्या दिवशी मशीन आणतात आणि थेट हॉलमध्ये घालतात.

काय खटकतं ते वहीत लिहा, दोन आठवड्यांनी ती ऑडिओलॉजिस्टबाईंना दाखवून मशीन परत सेट करून घ्या, मग परत. "भांड्यांचा आवाज टोचतो", "नातीचं कळतं, सुनेचं नाही", असं लिहा. "नीट नाही" एवढंच सांगितलं तर ती बिचारी काय बदलणार?

काकूचं मशीन डब्यातून काढून असंच तीनदा सेट केलं. आता कुकरच्या शिट्ट्या मोजते. आधी ओट्यावर हात ठेवून मोजायची, आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं.

रोजचं: सेलवरचं स्टिकर काढलं की एक-दोन मिनिटं उघडा ठेवा, हवा लागली की तो नीट चालू होतो. स्टिकर काढून परत चिकटवला तरी सेल वाचत नाही. स्टिकरचा रंग म्हणजे साइज: पिवळा १०, तपकिरी ३१२, केशरी १३, निळा ६७५. दुकानात रंग सांगितला तरी पुरतं. रात्री सेलचं दार उघडून, सिलिका जेलच्या डबीत. आपल्या पावसाळ्यात हे चुकलं की नळीत पाण्याचे थेंब आणि मशीन मुकं. मोल्ड (कानात बसणारा साचा) काढून कोमट साबणाच्या पाण्यात धुवा, मशीनला पाणी नाही. शिट्टी वाजते म्हणजे मोल्ड सैल किंवा नीट बसला नाही किंवा परत मळ. वाढत्या मुलांचे मोल्ड वर्षातून कितीतरी वेळा बदलावे लागतात.

सावधान: सेल लहान मुलांच्या आणि कुत्र्यांच्या तोंडात जाऊ देऊ नका. गिळला तर घरगुती उपाय नको, सरळ इमर्जन्सी.

## टप्पा ७: घर आणि बाहेर

मशीनने ऐकणं वाढतं, कान नवे होत नाहीत. उरलेलं काम घरच्यांचं: समोर येऊन बोला, तोंडावर उजेड असू द्या, ओरडू नका (ओरडल्याने शब्द फाटतो), आणि कळलं नाही तर तेच वाक्य पाचदा म्हणू नका, वेगळे शब्द वापरा. "जाऊ दे, काही नाही" हे वाक्य घरात बंद करा. तेवढं एकच वाक्य मला आजही मशीनशिवाय कळतं.

फोनवर गूगलचं लाइव्ह ट्रान्सक्राइब टाका, भाषा मराठी निवडा, समोरचा बोलतो ते स्क्रीनवर उमटतं. मोबाइल समोरच्याच्या जवळ धरा, स्वतःच्या मांडीवर नाही. गप्पांना उत्तम, पण औषधांची नावं आणि आकडे यांची वाट लावतं, त्यामुळे डॉक्टरकडे डोस नेहमी कागदावर लिहून घ्या. दाराला दिवा लागणारी बेल, उशीखाली थरथरणारा गजर, डिलिव्हरीच्या पत्त्यात "फोन नको, मेसेज करा" ही एक ओळ, आणि फोनमध्ये ११२ चं अॅप. हे सगळं एका रविवारी होतं.

साइन लँग्वेज वापरणाऱ्यांनी कोर्ट, पोलीस, मोठं ऑपरेशन अशा ठिकाणी दुभाष्या मागा, घरातल्या दहा वर्षांच्या पोराला दुभाष्या करू नका. आईला काय झालंय ते त्या पोराच्या तोंडून सांगायला लावणं बरं नाही. इंडियन साइन लँग्वेज शिकायची असेल तर दिल्लीच्या आयएसएलआरटीसी या सरकारी संस्थेची १०,००० शब्दांची डिक्शनरी ऑनलाइन फुकट आहे.

## टप्पा ८: सवलती, थोडक्यात

एसटीत ४० टक्क्यांवर तिकिटात ७५ टक्के सूट, ६५ टक्क्यांवर सोबतच्यालाही ५० टक्के. रेल्वेची सवलत वेगळी आहे, ती ऐकणं आणि बोलणं दोन्ही पूर्ण नसलेल्यांनाच, आणि त्यासाठी रेल्वेच्या नमुन्यातलं वेगळं सर्टिफिकेट लागतं. नुसतं यूडीआयडी दाखवून टीसीशी वाद घालू नका. सरकारी नोकरीत कर्णबधिरांसाठी १ टक्का जागा. परीक्षेत तासाला किमान २० मिनिटं जादा, पण अर्ज शाळेमार्फत वर्षाच्या सुरुवातीला, हॉल तिकीट आल्यावर नाही. जुन्या पद्धतीने इन्कम टॅक्स भरत असाल तर ७५,००० ची वजावट, ८० टक्क्यांवर १,२५,००० ची. महापालिकेच्या दिव्यांग योजनांचे अर्ज ठरावीक मुदतीत निघतात, वॉर्ड ऑफिसात दर दोन-तीन महिन्यांनी चक्कर मारत जा.

काही अडलं तर विचारा. मेसेज करा. फोन नको.